ब्रिटनमधल्या दुकानातली नोकरी आणि स्वभावाची ऑनलाइन चाचणी

लेस्टर, कोव्हेंट्री किंवा शेफील्डला सप्टेंबरात शिकायला आलेली मुलं खोली लावून झाली की सुपरमार्केटच्या साइटवर अर्ज भरायला बसतात. नाव, पत्ता, व्हिसा इथपर्यंत सगळं सरळ असतं. मग प्रश्न सुरू होतात. ‘मी क्वचितच चिडतो’, सहमत की असहमत? ‘सहकारी न विचारता चॉकलेट खातोय’, तुम्ही काय कराल? अर्ध्या तासात अर्ज जातो आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळीच नकाराची मेल येऊन पडते. अशा वेळी अर्ज बहुधा माणसाच्या नजरेखालून गेलेलाच नसतो. गुणांची एक रेषा आखलेली असते आणि तिच्याखालचे अर्ज आपोआप गळतात.

नकार आला की काही जण आपल्या स्वभावातच काहीतरी खोट आहे असं धरून बसतात, तर काही जण सगळा प्रकार थोतांड ठरवून पुढच्या वेळी डोळे मिटून बटणं दाबतात. दोन्हींत तोटा आपलाच. या चाचणीचा निम्म्याहून मोठा भाग दुकानातल्या कामाच्या क्रमाबद्दल असतो: आधी कोणाकडे बघायचं, कशाला नकार द्यायचा, कुठली गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घालायची. इथे वाढलेल्या मुलांना हे सोळाव्या-सतराव्या वर्षी शनिवारची नोकरी करताना कळतं. पुण्या-नाशिकहून आलेल्या मुलाला ते कोणी सांगितलेलं नसतं, एवढाच फरक. आणि ते शिकता येतं.

पायरी १: चाचणीआधीच्या चाळणीत अडकू नका

पुष्कळ अर्ज चाचणीमुळे पडलेच नसतात. त्याआधी ‘तुम्ही कधी काम करू शकता’ असा एक तक्ता येतो, सोमवार ते रविवार, सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र. तुमच्या खुणा आणि दुकानाला हव्या असलेल्या शिफ्ट जुळल्या नाहीत, तर पुढची उत्तरं कितीही चांगली असोत, उपयोग नाही. दुकानांना माणसं लागतात ती शुक्रवार संध्याकाळ, शनिवार आणि रविवारी. आधी कॉलेजचं वेळापत्रक हातात घ्या, मगच तक्ता भरा. जाहिरातीत ‘१२ तास, संध्याकाळ आणि वीकेंड’ असं असेल तर त्या वेळा मोकळ्या दिसल्याच पाहिजेत. मात्र सगळेच्या सगळे चौकोन भरून टाकू नका. पूर्णवेळ शिकणारा माणूस मंगळवारी सकाळी दहाला मोकळा कसा, हा प्रश्न मुलाखतीत येतो.

पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमासाठी स्टुडंट व्हिसावर असाल तर टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. सरासरी काढून चालत नाही. एका आठवड्यात २४ आणि पुढच्यात १६ केले तर पहिल्या आठवड्यात नियम मोडलाच. दोन नोकऱ्या असतील तर दोन्हींचे तास मिळून २०. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यातला प्रबंधाचा काळ साधारणपणे टर्ममध्येच धरला जातो, म्हणून ‘जूनपासून पूर्णवेळ’ असं अर्जात लिहिण्याआधी विद्यापीठाने दिलेल्या टर्मच्या तारखा बघा. १२ किंवा १६ तासांचं कंत्राट या दृष्टीने सोयीचं पडतं, कारण ख्रिसमसच्या सुमाराला जादा शिफ्ट घ्यायला थोडी जागा राहते.

‘ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क आहे का’ याचं उत्तर होय, आणि तासांची मर्यादा विचारली तर तीही खरी लिहायची. नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे पगारातल्या कर-कपातीच्या नोंदीसाठीचा सरकारी क्रमांक, अजून आला नसेल म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. हक्काचा पुरावा असेल तर नंबर येण्याआधी काम सुरू करता येतं. नंबरासाठी सरकारच्या साइटवर फुकट अर्ज करता येतो. त्यासाठी पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला रामराम करा.

पायरी २: समोर कुठला प्रकार आलाय ते ओळखा

साधारण तीन प्रकार भेटतात आणि तिन्हींची तयारी वेगवेगळी आहे.

पहिला प्रसंगांचा, म्हणजे सिच्युएशनल जजमेंट टेस्ट. दुकानातला एक प्रसंग, खाली चार-पाच पर्याय. कधी ‘सर्वांत योग्य’ आणि ‘सर्वांत अयोग्य’ निवडायचं असतं, कधी प्रत्येक पर्यायाला एक ते पाच गुण द्यायचे असतात. ब्रिटनमधल्या मोठ्या साखळी दुकानांत हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो.

दुसरा विधानांचा. ‘मला गर्दीत काम करायला आवडतं’, मग पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशी पाच किंवा सात पायऱ्यांची पट्टी.

तिसरा सक्तीच्या निवडीचा. तीन-चार विधानं एकत्र देतात, सगळीच चांगली, आणि त्यातलं तुम्हाला सर्वांत जास्त लागू कुठलं नि सर्वांत कमी लागू कुठलं ते विचारतात. प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीत स्वतःला उत्तम म्हणू नये, म्हणूनच ही रचना केलेली असते.

क्वचित फुगा फुगवण्याचा किंवा चेहरे ओळखण्याचा खेळही येतो. त्याची फारशी तयारी करता येत नाही. झोप झालेली असताना, फोनऐवजी कॉम्प्युटरवर खेळा आणि पुढे जा.

पायरी ३: प्रसंगांसाठी दुकानाचे नियम शिकून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण गुण सगळ्यात भरभर इथेच वाढतात. खालचे नियम डोक्यात असतील तर बरेचसे प्रसंग निम्मे सुटलेले असतात.

वयाची अट. दारू १८ वर्षांखालच्या व्यक्तीला विकता येत नाही. पण दुकानांचा स्वतःचा नियम याहून कडक असतो. ग्राहक २५ पेक्षा लहान *दिसत* असेल तर ओळखपत्र मागायचंच, याला ‘चॅलेंज २५’ म्हणतात. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ‘पास’ (PASS) या वयाच्या पुराव्याच्या योजनेचा होलोग्राम असलेलं कार्ड चालतं. विद्यापीठाचं कार्ड चालत नाही. आता चाचणीतला लाडका प्रसंग: तुमच्या वर्गातला मित्र बिअर घेऊन टिलवर, म्हणजे पैसे घेण्याच्या काउंटरवर, येतो, ओळखपत्र विसरलाय, तो २२ वर्षांचा आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. आपला भिडस्त स्वभाव म्हणतो, जाऊ दे, ओळखीचाच आहे. गुण मिळतात ते विक्रीला नकार देण्याला. नकार हसून, माफी मागून आणि नियम काय आहे ते सांगून द्यायचा. चाकू आणि लॉटरी यांनाही वयाची अट असते.

मुदत. ‘युज-बाय’ तारीख सुरक्षिततेची. ती उलटलेला पदार्थ विकणं गुन्हा आहे, स्वस्त करूनही विकता येत नाही. ‘बेस्ट-बिफोर’ दर्जाची. ती उलटली तरी कायद्याने विकता येतं, पण काय करायचं ते दुकान ठरवतं. पिवळं सवलतीचं स्टिकर लागतं ते मुदत संपण्याच्या आधी. काल मुदत संपलेलं चिकन शेल्फवर दिसलं, तर ते आधी शेल्फवरून काढायचं आणि मग टीम लीडरला सांगायचं. नुसतं सांगायला जाणं हा दुय्यम पर्याय, कारण तेवढ्यात कोणीतरी ते उचलतं.

ॲलर्जी. ब्रिटनच्या कायद्यात १४ ॲलर्जी-घटक ठरवलेले आहेत, त्यात शेंगदाणे, दूध, ग्लुटेन असलेली धान्यं, तीळ, मोहरी वगैरे येतात. ग्राहकाने ‘यात दाणे आहेत का’ विचारलं की अंदाजाने ‘नसावेत’ म्हणणं सगळ्यात वाईट. लेबल वाचून दाखवायचं, आणि बेकरी किंवा डेलीचा (तयार खाद्यपदार्थांच्या काउंटरचा) सुटा पदार्थ असेल तर त्या विभागातल्या माणसाला किंवा माहितीच्या फाइलला विचारायचं.

सांडलेलं काही. फरशीवर तेल सांडलं तर जागा सोडून मॉप आणायला पळू नये. तिथेच उभं राहून लोकांना बाजूने जायला सांगायचं आणि दुसऱ्याला मॉप व पिवळी पाटी आणायला सांगायचं. ‘लगेच जाऊन मॉप आणतो’ हा पर्याय तत्पर वाटतो आणि म्हणूनच फसवतो.

चोरी. पिशवीत वस्तू लपवणारा ग्राहक दिसला तर त्याच्या मागे धावायचं नाही, हात तर लावायचाच नाही. सिक्युरिटीला किंवा मॅनेजरला कळवायचं. चोराला दारात अडवणारा नोकर आपल्याकडे शाबासकी मिळवतो. इथे त्या पर्यायाला सगळ्यात कमी गुण, कारण दुकानाला मालापेक्षा इजा झालेल्या कामगाराची जबाबदारी जड जाते.

सहकाऱ्याची चूक. मराठी मुलांचे गुण सगळ्यात जास्त इथे जातात. चहाडी करू नये हे घरातून आणि शाळेतून अंगात मुरलेलं असतं, त्यामुळे ‘दुर्लक्ष करेन’ किंवा ‘त्याला एकट्याला गाठून समजावेन’ असं उत्तर सहज येतं. फरक असा ओळखा: पैसा, माल, वयाची अट, सुरक्षितता किंवा कोणाचा छळ यांपैकी काही असेल तर थेट मॅनेजरला सांगायचं, तेही त्याच दिवशी. सहकाऱ्याने मित्राला आपलं सवलतीचं कार्ड वापरू दिलं, टिलवर एखादी वस्तू मुद्दाम स्कॅन केली नाही, टाकून द्यायचं सँडविच खाल्लं, हे सगळं यात आलं. टाकाऊ अन्नसुद्धा परवानगीशिवाय खाणं किंवा घरी नेणं इथे चोरीत धरतात. नोकरी जाते. याउलट सहकारी हळू काम करतो, ब्रेक पाच मिनिटं लांबवतो, तुमच्याशी तुटक बोलला, अशा गोष्टी आधी त्याच्याशीच बोलायच्या. लगेच मॅनेजरकडे जाणं इथे उलट कमी गुणांचं.

तक्रार करणारा ग्राहक. ‘ग्राहक म्हणजे देव’ हे धरून त्याला मागेल ते देऊन टाकणंही चुकतं आणि नियमावर बोट ठेवून त्याला वाटेला लावणंही चुकतं. अपेक्षित क्रम असा: पूर्ण ऐकून घ्या, चूक तुमची नसली तरी गैरसोयीबद्दल माफी मागा, तुमच्या अधिकारात जे बसतं ते लगेच करा, त्यापलीकडचं असेल तर सुपरवायझरला बोलवा आणि तो येईपर्यंत ग्राहकापाशी थांबा. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. ‘मॅनेजर त्या काउंटरवर भेटतील’ असं सांगून मोकळं होणं म्हणजे ग्राहकाला टोलवणं.

आता एक प्रसंग सावकाश सोडवून बघू.

*तुम्ही दुधाची केज, म्हणजे चाकांची जाळीची उंच ट्रॉली, फ्रिजमध्ये रिकामी करताय. टीम लीडरने सहा वाजेपर्यंत संपवायला सांगितलंय आणि आता पावणेसहा झालेत. एक आजी विचारतात, नारळाचं दूध कुठे मिळेल?*

(अ) ‘अकराव्या रांगेत, डावीकडे’ असं नम्रपणे सांगता.
(ब) केज बाजूला लावता, आजींना त्या शेल्फपर्यंत नेता आणि परत येऊन काम पुढे चालू करता.
(क) काम संपेपर्यंत पाच मिनिटं थांबायची विनंती करता.
(ड) रांगेच्या टोकाला उभ्या सहकाऱ्याला हाक मारून आजींना त्याच्याकडे पाठवता.

आपल्यापैकी बरेच जण ‘अ’ निवडतात. उत्तर नम्र आहे, बरोबर आहे आणि कामही अडत नाही. पण ब्रिटिश सुपरमार्केटात ग्राहकाला वस्तूपर्यंत *घेऊन जाणं* ही चांगल्या सेवेची नेहमीची अपेक्षा आहे, म्हणून सर्वांत योग्य ‘ब’. सर्वांत अयोग्य ‘क’, कारण त्यात तुमचं काम ग्राहकाच्या वर जातं. ‘अ’ आणि ‘ड’ मधले. प्रत्येक पर्यायाला गुण द्यायचे असतील तर ब ला ५, अ ला ३, ड ला ३, क ला १ अशी विभागणी ठेवा. सगळ्यांना ३-४ देत बसलात तर चाचणीला तुमचं मत कळतच नाही.

आता हाच प्रसंग थोडा बदला. समजा प्रश्नात असं आहे की केज बराच वेळ बाहेर आहे आणि आजींना वस्तूंची लांबलचक यादी शोधून हवी आहे. थंड माल थंडच राहिला पाहिजे, इंग्लंडमध्ये त्यासाठी ८ अंश सेल्सियसची कायदेशीर मर्यादा आहे आणि दुकानांचे स्वतःचे मिनिटांचे नियम याहून कडक असतात. अशा वेळी ‘ड’ वर येतो, म्हणजे आजींना सहकाऱ्याच्या हवाली करायचं आणि दूध आत सरकवायचं. साधारण अग्रक्रम असा धरा: सुरक्षितता आणि कायदा, मग समोरचा ग्राहक, मग नेमून दिलेलं काम, मग आवराआवर. प्रसंग वाचताना यातल्या कुठल्या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या केल्यात ते आधी शोधा.

पायरी ४: कंपनीची मूल्यं दहा मिनिटं वाचा

प्रत्येक साखळीच्या नोकऱ्यांच्या पानावर तिची मूल्यं लिहिलेली असतात. ती वाचायला शोभेची वाटतात, पण चाचणी बांधताना त्यांचा आधार घेतलेला असतो. टेस्कोच्या तीन मूल्यांत ग्राहकांसाठी झटणं आहे, लोकांना जसं वागवलेलं आवडतं तसं वागवणं आहे आणि छोट्या मदतीने मोठा फरक पडतो हे आहे. जॉन लुइस आणि वेटरोज इथे कर्मचारी कंपनीचे भागीदार असतात, त्यांना म्हणतातच ‘पार्टनर’. साहजिकच तिथे ‘सुधारणा सुचवणं’, ‘निर्णयात भाग घेणं’ या पर्यायांना वजन जास्त. आल्डी आणि लिडलमध्ये थोडी माणसं टिल, शेल्फ आणि सफाई सगळंच करतात. तिथे वेग आणि ‘हे माझं काम नाही’ असं न म्हणणं महत्त्वाचं ठरतं. अर्ज उघडण्याआधी ते पान वाचा आणि चार-पाच शब्द कागदावर टिपून समोर ठेवा.

पायरी ५: विधानांना उत्तर देताना

या विधानांमागे बहुतेकदा मानसशास्त्रातले पाच स्वभावगुण असतात: काटेकोरपणा, मिळतंजुळतं घेणं, भावनिक स्थैर्य, बहिर्मुखता आणि नवेपणाची ओढ. दुकानाला पहिले तीन भरपूर हवे असतात. बहिर्मुखता पुरेशी असली की झालं. नवेपणाची ओढ फार दाखवली तर मात्र ‘हा शेल्फ भरायला कंटाळेल’ असा अर्थ निघू शकतो. ‘रोज तेच काम करायचा मला कंटाळा येतो’ याला उत्साहाने सहमत होणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं.

आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे मधला चौकोन. स्वतःची स्तुती करू नये असं वळण असल्यामुळे ‘मी वेळेवर येतो’ यालाही ‘थोडाफार सहमत’ निघतं. खरोखर वेळेवर येत असाल तर ‘पूर्ण सहमत’ लिहा, त्यात बढाई नाही. तळ्यात-मळ्यात उत्तरं ढीगभर दिली तर गुण सरासरीला चिकटून राहतात आणि रेषा बहुधा सरासरीच्या वर असते.

पण सगळीकडे टोक गाठणंही अंगाशी येतं. काही विधानं मुद्दाम पेरलेली असतात: ‘मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही’, ‘मला कधीच राग येत नाही’, ‘मी कधीच कोणाबद्दल वाईट बोललो नाही’. याला ‘पूर्ण सहमत’ म्हणणारा माणूस स्वतःला रंगवून दाखवतोय असं चाचणी धरते आणि त्याच्या बाकीच्या उत्तरांवरही शंका येते. ‘कधीच’, ‘नेहमीच’, ‘प्रत्येक वेळी’ हे शब्द दिसले की थांबा आणि माणसासारखं उत्तर द्या.

तोच प्रश्न वीस विधानांनंतर उलटा होऊन येतो. ‘मी कामाची आखणी करतो’ आणि पुढे ‘मी बहुतेक गोष्टी ऐन वेळी ठरवतो’. दोन्हींना सहमत झालात तर विसंगती नोंदली जाते. यावर पाठांतराचा उपाय चालत नाही. सुरू करण्याआधी एकदा ठरवा की दुकानात, कामाच्या वेळी, तुम्ही कसे वागता, आणि प्रत्येक विधान त्याच चित्राशी ताडून बघा. मित्रांच्या कट्ट्यावरचे तुम्ही किंवा परीक्षेच्या आदल्या रात्रीचे तुम्ही इथे आणू नका. खोटं न बोलता उत्तरं सुसंगत ठेवायचा हाच मार्ग आहे.

भाषेचेही खड्डे आहेत. ‘आय रेअरली लूज माय टेंपर’ याला घाईत ‘असहमत’ दिलं की तुम्ही वारंवार भडकता असं नोंदलं जातं. ‘हार्डली एव्हर’, ‘सेल्डम’, ‘अनलाइकली’ यांत नकार लपलेला असतो. ‘आय कॅन बी शॉर्ट विथ पीपल’ म्हणजे लोकांशी तुटक बोलणं, त्याचा उंचीशी संबंध नाही. अडलेलं विधान मनात मराठीत सांगून बघा आणि मगच बटण दाबा.

प्रामाणिकपणाचे थेट प्रश्नही कधी कधी येतात आणि अमेरिकेत ते जास्त दिसतात. तिथे १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी कंपन्यांना नोकरीसाठी पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायचं यंत्र, वापरायला बंदी केली आणि त्यानंतर लेखी प्रामाणिकपणा-चाचण्यांना जोर आला. त्यातला एक प्रश्न नेमका कशासाठी आहे ते माहीत असलेलं बरं: ‘तुमच्या मते किती टक्के कर्मचारी कामाच्या ठिकाणी चोरी करतात?’ मोठा आकडा सांगणं हे जग ओळखल्याचं लक्षण वाटतं. चाचणीचा तर्क उलटा चालतो: ज्याला चोरी सर्रास वाटते त्याला ती क्षम्यही वाटत असणार. बहुतेक लोक प्रामाणिक असतात असं वाटत असेल तर तसंच लिहा. ‘पहिल्यांदा चोरी करणाऱ्याला सोडून द्यावं’ यालाही सहानुभूतीपोटी होकार देऊ नका. न्याय्य चौकशी आणि नियमाप्रमाणे कारवाई, हा सूर ठेवा.

पायरी ६: सक्तीच्या निवडीत एक क्रम धरा

समजा चार विधानं आली: ‘मी हातात घेतलेलं काम वेळेत पुरं करतो’, ‘मी लोकांना हसवतो’, ‘मी नव्या कल्पना सुचवतो’, ‘मी गडबडीत शांत राहतो’. टिलवरच्या कामासाठी ‘सर्वांत जास्त’ म्हणून पहिलं किंवा चौथं आणि ‘सर्वांत कमी’ म्हणून तिसरं घेणं सयुक्तिक. नव्या कल्पना सुचवत नाही असं तुम्ही म्हणत नाही आहात, या चारांत ते मागे आहे एवढंच. हीच विधानं पुढे वेगवेगळ्या जोड्यांत फिरून येतात. म्हणून कागदावर स्वतःचा क्रम लिहून ठेवा: भरवसा, ग्राहकाची काळजी, शांतपणा, संघात काम, वेग, मग बोलकेपणा, मग कल्पकता. तो तुमच्याशी खरोखर जुळत असला पाहिजे, म्हणजे तिसाव्या प्रश्नालाही तोच निघतो. मॅनेजर-ट्रेनीच्या जागेसाठी अर्ज असेल तर पुढाकार आणि निर्णय वर आणा.

पायरी ७: प्रत्यक्ष बसताना

दुवा मेलने येतो, त्याला काही दिवसांची मुदत असते आणि मेल स्पॅममध्ये जाऊन पडते. अर्ज केल्यावर रोज तिथे डोकावा. प्रसंग व विधानांच्या भागाला बहुधा घड्याळ नसतं, तरी पान बराच वेळ तसंच सोडलं तर बंद पडतं. पाऊण तास सलग मोकळा ठेवा. ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण दाबू नका, काही ठिकाणी त्याने उत्तर कायमचं जातं. सूचना दोनदा वाचा: ‘काय *कराल*’ आणि ‘काय करायला *हवं*’ हे वेगळे प्रश्न आहेत, आणि ‘सर्वांत अयोग्य’ निवडायचं असताना योग्य निवडून बसणं ही नेहमीची चूक आहे. विद्यापीठाच्या करिअर्स सर्व्हिसकडे सरावाच्या चाचण्या फुकट मिळतात. आधी त्यातल्या दोन-तीन सोडवा.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या उत्तरपत्रिका वापरू नका. प्रसंग आणि पर्यायांचा क्रम बदलत असतो, एका कंपनीचं उत्तर दुसरीला चालत नाही आणि पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या ‘खात्रीच्या’ उत्तरांत तर अमेरिकन दुकानांची उत्तरं ब्रिटनच्या नावावर खपवलेली असतात. मित्राला किंवा चॅटबॉटला बसवलं तर पुढची मुलाखत अवघड जाते. तिथे हेच प्रसंग तोंडी येतात: ‘तुम्ही ग्राहकासाठी वाट वाकडी केली असा एखादा अनुभव सांगा.’

अडचण असेल तर आधी सांगा

डिस्लेक्सिया, ऑटिझम, दृष्टिदोष असं काही असेल तर २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टनुसार (भेदभावाविरुद्धच्या कायद्यानुसार) भरतीतही वाजवी बदल मागता येतात. जास्त वेळ हाच एक पर्याय नाही, प्रश्नांचं स्वरूपही बदलून मागता येतं. सरकारी वकिलांच्या भरतीतल्या बहुपर्यायी प्रसंग-चाचणीबद्दल अॅस्पर्गर सिंड्रोम (ऑटिझमचा एक प्रकार) असलेल्या उमेदवाराने छोट्या लेखी उत्तरांची सोय मागितली होती आणि ती नाकारली गेली. २०१७ मध्ये अपील न्यायाधिकरणाने उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला. विनंती चाचणी उघडण्याआधी मेलने करा, काय हवं ते नेमकं लिहा आणि मेल जपून ठेवा. एकदा चाचणी देऊन नापास झाल्यावर मागणं फार कठीण जातं. नोकरी देऊ करण्याआधी तब्येतीबद्दल सर्वसाधारण प्रश्न विचारायलाही या कायद्यात बहुतेक वेळा मनाई आहे.

नकार आला तर

त्याच साखळीत लगेच पुन्हा अर्ज करता येईलच असं नाही. अनेक ठिकाणी काही महिन्यांची मुदत असते, ती नकाराच्या मेलमध्ये किंवा साइटवर सापडते. नवा ईमेल काढून दुसऱ्या नावाने अर्ज करण्याचा खटाटोप करू नका. नाव-पत्ता-जन्मतारीख जुळली की तो पकडला जातो आणि खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसतो. कंपनीकडे तुमच्याबद्दल काय नोंद आहे ते मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. साध्या मेलने ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’ पाठवता येते, शुल्क नसतं आणि साधारण एका महिन्यात उत्तर देणं बंधनकारक असतं. त्यातून बरोबर उत्तरं मिळतीलच असं नाही, पण अर्ज चाचणीत पडला की वेळेच्या तक्त्यात, हे कळू शकतं.

मधल्या काळात चाचणी नसलेल्या जागा बघा: स्टुडंट्स युनियनचं दुकान व कॅफे, विद्यापीठातली कामं, स्वतंत्र मालकांची दुकानं, ख्रिसमससाठी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून होणारी हंगामी भरती. आपल्या देशी किराणा दुकानांत काम चटकन मिळतं, पण हातात रोख, कमी दर आणि पगारपत्रक नाही असा मामला असेल तर दूर राहा. एप्रिल २०२६ पासून २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीला तासाला किमान १२.७१ पौंड मिळायला हवेत. रोखीत केलेले तासही त्या २० तासांत मोजले जातात. ‘कागदावर नाही’ म्हणून ते मोकळे होत नाहीत.

दुसऱ्या देशांत असाल तर तासांचं गणित आधी बदलून घ्या. कॅनडात शिकताना टर्ममध्ये कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर नोकरी करताच येत नाही, नंतरही साध्या दुकानी कामाला सहसा वाव नाही. त्यामुळे तिथल्या मोठ्या दुकानांच्या लांबलचक चाचण्या विद्यार्थ्यांनी देऊच नयेत.

निवड झाली की पुढे मुलाखत किंवा गटातली चाचणी होते आणि मग कामाच्या हक्काची तपासणी. त्यासाठी ई-व्हिसाच्या खात्यातून शेअर कोड, म्हणजे कंपनीला तुमचा हक्क ऑनलाइन तपासता येईल असा क्रमांक, काढावा लागतो. कामासाठीचा कोड डब्ल्यू अक्षराने सुरू होतो आणि ९० दिवस चालतो. दुसऱ्या कारणासाठी काढलेला कोड इथे चालत नाही. त्याच वेळी विद्यापीठाकडून टर्मच्या तारखांचं पत्र घेऊन ठेवा, विद्यार्थ्यांकडे ते मागतातच.